अनसिंगच्या वावरात समुद्राचा तळ

मृगाचे दोन चांगले पाऊस झाले, की अनसिंगच्या कृषी केंद्रांपुढे मोटारसायकली आणि ऑटो लागतात. सोयाबीनचं बियाणं आणि खताची बॅग एकाच फेरीत न्यायची असते. कुणी डीएपी मागतं, कुणी 10-26-26. सोयाबीनला गंधकही लागतं हे जाणणारा सुपर घेतो. सुपर म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेट. त्याचा एक दाणा तळहातावर घेऊन बघा. रंग राखाडी, आकार ज्वारीपेक्षा थोराड, बोटांत चिरडला की भुकटी होते आणि नाकाशी नेला की आंबूस वास येतो. वास आम्लाचा. ते आम्ल ज्याच्यावर ओतलं, तो दगड मात्र फार जुना असतो आणि समुद्राच्या तळाशी तयार झालेला असतो.

त्या दगडाची हकीकत सांगावी असं पुष्कळ दिवस मनात होतं. जे आपण दरसाल मातीत पेरतो त्याचं कूळ आपल्याला ठाऊक असायला हवं.

अनसिंगच्या आसपास तो दगड सापडणार नाही. वाशीम–पुसद रस्त्यावरच्या या गावात विहीर खणली, तर आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली कुदळीला दाद न देणारा काळा पाषाण. कधी गारगोट्या निघतात. शंख-शिंपले निघत नाहीत. हा सगळा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा. समुद्राचा खडक बघायचा तर पैनगंगेबरोबर खाली जावं लागतं. वाशीम जिल्ह्याची दक्षिण सीमा धरून वाहणारी ही नदी यवतमाळ-चंद्रपूरच्या टोकाला पोचली की लाव्ह्याचं पांघरूण संपतं आणि वणी, कोरपना भागात चुनखडकाचे थर उघडे पडतात. भूवैज्ञानिक त्यांना पैनगंगेचंच नाव देतात. लाव्ह्यापेक्षा कितीतरी जुन्या समुद्राचा तो तळ आहे आणि गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने त्याच्यावर चालतात. पण त्यात आहे तो चुना. खताचा कारखाना चालेल इतकं स्फुरद त्यात नाही. समुद्राचा प्रत्येक तळ फॉस्फेट देत नाही. कुठला देतो आणि का देतो, हे माणसाला कळायला शंभराहून अधिक वर्षं लागली.

सुरुवात हाडांपासून झाली. स्फुरद हा पदार्थ 1669 मध्ये हेनिग ब्रँड या जर्मन किमयागाराला सोन्याच्या शोधात लघवी आटवताना मिळाला होता. तो अंधारात चमकत होता. मराठीत त्याला स्फुरद म्हणणाऱ्यानं ते चमकणं अचूक पकडलं आहे. पण पिकाला त्याची गरज असते हे पुढे दीड-दोनशे वर्षांनी पक्कं झालं. 1840 मध्ये रसायनतज्ज्ञ युस्टुस लीबिग यांनी वनस्पतींच्या पोषणावरचा ग्रंथ लिहिला आणि हाडं आम्लात विरघळवून शेतात द्यावीत असं सुचवलं. 1842 मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या जॉन बेनेट लॉज यांनी त्याच धर्तीच्या खताचं पेटंट घेतलं आणि सुपर फॉस्फेट विकायला काढलं. मग हाडं अपुरी पडू लागली. युरोपच्या रणांगणांवरची हाडंसुद्धा इंग्लंडनं उपसून नेली, असा आरोप पुढे लीबिग यांनीच केला.

हिंदुस्थानातूनही हाडं जात होती. माळरानावर पडलेल्या जनावरांची हाडं गोळा व्हायची आणि बंदरांतून बोटींवर चढायची. 1889 मध्ये सरकारनं जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनतज्ज्ञाला इथली शेती पाहायला बोलावलं. त्यांचा अहवाल 1893 मध्ये छापून आला. परदेशी माणसानं इथल्या शेतकऱ्याच्या कसबाची इतकी मोकळी कदर क्वचितच केली असेल. त्याच अहवालात त्यांनी हाडांच्या निर्यातीचाही विचार केला आहे. ज्या जमिनीनं ती हाडं पोसली, तिला ती परत मिळत नव्हती. आपल्या देशात सुपर फॉस्फेटचा पहिला कारखाना उभा राहिला तो 1906 मध्ये तमिळनाडूतल्या राणीपेटला. महाराष्ट्रात 1919 मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीनं अंबरनाथला गंधकाम्ल आणि सुपर फॉस्फेट बनवायला घेतलं.

तोवर जगाला हाडांऐवजी दगड सापडला होता. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या शेतांखाली फॉस्फेटचे काळपट गोटे मिळाले. ती प्राचीन प्राण्यांची विष्ठा आहे असं वाटून त्यांना तसंच नाव पडलं, पण त्यांतले बहुतेक गोटे समुद्राच्या गाळातच घडलेले होते. 1885 मध्ये ट्युनिशियात फिलिप थॉमा या फ्रेंच पशुवैद्यानं गाफ्साचे साठे शोधले. मोरोक्कोत 1921 मध्ये खुरिबगाची खाण सुरू झाली. दगड उपसणं सोपं होतं. तो तिथे आला कसा, हे अवघड होतं.

पहिला धागा जिवंत समुद्रातून हाती आला. जगाच्या सफरीवर निघालेल्या चॅलेंजर जहाजानं 1873 च्या डिसेंबरात केप टाउन सोडलं आणि आफ्रिकेच्या टोकाशी असलेल्या आगुल्हासच्या उथळ भागात तळाला जाळं ओढलं. त्यात फॉस्फेटचे गोटे आले. म्हणजे हा दगड केवळ प्राचीन नव्हता, आजच्या समुद्रातही त्याची जागा होती. जॉन मरे आणि रेनार या शास्त्रज्ञांनी 1891 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. मरे यांचा तर्क असा, की तिथे उष्ण आणि थंड प्रवाह आदळतात, पाण्याचं तापमान एकाएकी बदलून जीव थव्यांनी मरतात आणि त्यांच्या शरीरातलं स्फुरद तळाशी साठतं. तर्क पुरा बरोबर नव्हता, पण जिवंत शरीराकडे बोट दाखवणारा होता.

1937 मध्ये रशियन शास्त्रज्ञ काझाकोव्ह यांनी दुसरी बाजू मांडली. समुद्राचं वरचं पाणी उपाशी असतं. तिथे ऊन भरपूर, पण सूक्ष्म वनस्पतींनी स्फुरद केव्हाच संपवलेलं. मेलेले जीव खाली बुडतात आणि त्यांच्याबरोबर स्फुरदही खोल जातं. मग जिथे वारा किनाऱ्याचं वरचं पाणी ढकलून नेतो, तिथे त्याची जागा घ्यायला खोलातलं थंड, स्फुरदानं भरलेलं पाणी वर उसळतं आणि उथळ समुद्रबूड जमिनीवर पसरतं. फॉस्फेटचे मोठे साठे अशाच किनाऱ्यांवर बनले, असं काझाकोव्ह म्हणाले. हे आजही मानलं जातं.

त्यांचं एक म्हणणं मात्र टिकलं नाही. वर आलेल्या पाण्यातूनच फॉस्फेट थेट खाली बसतं, असं त्यांना वाटत होतं. पण समुद्राच्या पाण्यात स्फुरद असतं किती? सरासरी लिटरमागे 0.07 मिलिग्रॅम. चांगल्या फॉस्फेट दगडात ते किलोमागे 130 ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे जवळजवळ वीस लाख पट. एवढी दाटी नुसत्या पाण्यानं होत नाही. 1973 मध्ये पेरूच्या किनाऱ्याजवळच्या गोट्यांचं वय मोजलं गेलं आणि ते भूगर्भाच्या हिशेबात कालपरवाचे निघाले. दगड आजही बनत होता. आणि बनत होता तो पाण्यात नाही, तळाच्या चिखलात.

हा चिखल जरा जवळून बघण्यासारखा आहे. वरच्या पाण्यात सूक्ष्म जीवांचं उदंड पीक येतं, मरतं आणि तळावर हिरवट-काळा थर धरतं. तो थर जिवाणू खातात. खाता खाता प्राणवायू संपतो, सडक्या अंड्यासारखा गंधकाचा वास सुटतो आणि मृत शरीरांतलं स्फुरद चिखलाच्या कणांमधल्या पाण्यात मोकळं होतं. तळाच्या वरच्या काही बोटांतच हे घडतं. त्या पाण्यात कॅल्शियम असतं, फ्लोराइडही असतं. स्फुरदाची दाटी पुरेशी झाली की तिघं मिळून ॲपेटाइटचे कण धरू लागतात. आपल्या दातांचं आणि हाडांचं खनिज याच घराण्यातलं. कण वाळूएवढे गोळे होतात, कुठे मासळीच्या काट्यावर चढतात, कुठे जुन्या शिंपल्याची जागा घेतात.

यातले कारागीर कोण, तेही पुढे कळलं. नामिबियाच्या किनाऱ्यावरच्या चिखलात 1997 मध्ये हाइडे शुल्झ या संशोधिकेला नुसत्या डोळ्यांना दिसणारा जिवाणू सापडला. पाऊण मिलिमीटरपर्यंत वाढणारा, माळेतल्या मोत्यांसारखा. हा जिवाणू प्राणवायू असताना स्फुरद शरीरात साठवतो आणि प्राणवायू संपला की ते बाहेर सोडतो. ज्या थरात हे जिवाणू दाट, त्याच थरात फॉस्फेटचे कण भरपूर, हे 2005 मध्ये दाखवलं गेलं.

तरीही एवढ्यानं खाण तयार होत नाही. चिखलात कण विखुरलेले असतात. त्यांची रास करायला समुद्रालाच उपणावं लागतं. खळ्यात वारा धरून धान्य उपणलं की भूस उडतं आणि दाणा पायाशी पडतो. उथळ समुद्रात वादळाच्या लाटा तळ ढवळतात, समुद्राची पातळी खाली-वर होते, हलका चिखल वाहून जातो आणि जड फॉस्फेटचे कण जागेवर राहतात. पुन्हा चिखल, पुन्हा कण, पुन्हा उपणणी. मात्र जवळ मोठी नदी गाळ आणून ओतत असेल तर सगळं पातळ होऊन जातं. म्हणून हा दगड सहसा कोरड्या प्रदेशांच्या किनाऱ्यालगत सापडतो. वारा, उथळपणा, गाळाची टंचाई आणि लाखो वर्षांची सवड, चारही गोष्टी जुळाव्या लागतात.

आता आपल्याकडच्या शोधाकडे येतो, कारण मला तो या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा तुकडा वाटतो. 1964 मध्ये संकरित ज्वारीचा पहिला वाण, सीएसएच-1, आला. अनसिंगहून ज्या रस्त्यानं पुसदला जातो, त्या पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते आणि त्यांनी संकरित ज्वारी गावोगाव नेली. या वाणांना खत लागायचं. नत्राचं खत नाफ्त्यापासून बनवता येत होतं. स्फुरदाला दगडच लागतो, आणि दगड परदेशातून यायचा. तिरुचिरापल्लीकडचे फॉस्फेटचे गोटे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते, पण ते मातीत विखुरलेले. त्यांच्यावर देशाची भूक भागणार नव्हती.

साठच्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि राज्यांची खनिज खाती फॉस्फेटच्या मागे लागली. जैसलमेरमधलं बिरमानिया, मसुरीजवळच्या टेकड्या, मध्य प्रदेशातला झाबुआ, अशी ठिकाणं पुढे येत गेली. फॉस्फेटच्या दगडाची पंचाईत अशी, की तो दिसण्यात काहीच खास नसतो. करडा चुनखडक आणि करडा फॉस्फेट शेजारी ठेवले तर अनुभवी डोळाही फसतो. म्हणून फॉस्फेट शोधणाऱ्याच्या पिशवीत हातोडीबरोबर एक छोटी बाटली असे. तिच्यात अमोनियम मॉलिब्डेट आणि नायट्रिक आम्ल. ताज्या फोडलेल्या दगडावर दोन थेंब टाकायचे. फॉस्फेट असेल तर हळदीसारखा पिवळा डाग उमटतो. नसेल तर पुढची टेकडी.

1968 मध्ये उदयपूरच्या आग्नेयेला पंचवीसएक किलोमीटरवर झामरकोट्रा इथे राजस्थानच्या खनिज खात्याला मोठं घबाड लागलं. घोड्याच्या नालेसारखा वळलेला, सुमारे 16 किलोमीटर लांबीचा पट्टा. आणि त्याची घडण विलक्षण होती. दगडात बोटांसारखे, खांबांसारखे उभे आकार शेजारी शेजारी. प्रत्येक खांब वर फुगलेल्या पापुद्र्यांचा, एकावर एक रचलेल्या वाट्यांसारखा. हे स्ट्रोमॅटोलाइट. उथळ, ऊन पोचेल अशा पाण्यात निळ्या-हिरव्या सूक्ष्म जीवांच्या चिकट थरांनी पापुद्रा पापुद्रा करून बांधलेले. वय पावणेदोन ते दोन अब्ज वर्षं. तेव्हा पृथ्वीवर मासा नव्हता, शिंपला नव्हता, हाड म्हणून काही नव्हतं. तरीही समुद्रानं फॉस्फेट केलं. दिल्ली विद्यापीठाचे धीरज मोहन बॅनर्जी यांनी 1971 मध्ये या दगडांवर शोधनिबंध लिहिला आणि जगाचं लक्ष उदयपूरकडे वळलं. फॉस्फेट एकवटलंय ते खांबांत. खांबांमधल्या फटींत डोलोमाइट. जीव जिथे वाढला तिथेच स्फुरद थांबलं. तो खांब हातात धरला की मरे यांचा तर्क आणि काझाकोव्ह यांचं पाणी, दोन्ही एका जागी भेटतात.

झामरकोट्रा अजून चालू आहे. देशातले सुपर फॉस्फेटचे कारखाने तिथला दगड घेतात. पण देशाची भूक त्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. ती भागवायला मोरोक्को, जॉर्डन, इजिप्त, टोगो इथून दगड आणि फॉस्फरिक आम्ल येतं आणि तयार डीएपीही बोटींनी येतं. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी जवळजवळ 70 टक्के एकट्या मोरोक्कोकडे आहेत.

मोरोक्कोच्या दगडाचं वय ऐकून मी थबकलो होतो. खुरिबगाचे थर सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी बसायला लागले आणि दोन कोटींहून अधिक वर्षं बसत राहिले. तिथल्या उथळ समुद्रात शार्क होते, मगरीसारखे प्रचंड मोसासॉर होते. त्यांचे दात अजून खाणीत मूठमूठ सापडतात. ते थर बसत होते त्याच काळात भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत होता आणि जिथे आज अनसिंग आहे तिथे लाव्हा पसरत होता. ज्या लाव्ह्याच्या झिजेतून आपली काळी माती झाली आणि ज्या तळातून तिचं खत आलं, ते दोन्ही एकाच युगातले आहेत. मोरोक्कोच्या दगडाचं डीएपी ज्या वावरात पडतं, तिथे ही दोन समवयस्क द्रव्यं एकमेकांना भेटतात.

आणि आजचा मोसमी वारा? जो नैर्ऋत्येचा वारा आपल्याकडे मृग आणतो, तोच वाटेत सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यावर खोलातलं पाणी वर ओढतो. आपल्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळही पावसाळ्यात ते वर येतं. अरबी समुद्राच्या मधल्या खोलीत प्राणवायू इतका कमी आहे की फॉस्फेट घडण्याची अर्धी सामग्री तिथे हजर आहे. गोव्यात दोना पावला इथे 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या व्ही. पूर्णचंद्र राव आणि सहकाऱ्यांनी अरबी समुद्रातल्या एरर या बुडालेल्या डोंगरावरचे आणि चेन्नईसमोरच्या समुद्रतळावरचे फॉस्फेट अभ्यासले आहेत. ते खाणीच्या उपयोगाचे नाहीत, पण आपल्या समुद्रातही हे काम झालं आहे याचा तो पुरावा आहे.

अशा दगडाचा भाव दूरच्या बाजारात ठरतो. 1974 मध्ये मोरोक्कोनं किंमत तिपटीवर नेली. 2007-08 मध्ये टनाला 50 डॉलरच्या आसपासचा दगड 400 च्या वर गेला. 2008 च्या जूनमध्ये कर्नाटकात हावेरीला खतासाठी जमलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पेरणीचा दिवस कुणासाठी थांबत नाही आणि बॅग मिळत नाही, तेव्हा माणूस काय करतो हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे.

म्हणून शेवटी आपल्या मातीबद्दल थोडं. सोयाबीनला हेक्टरी 60 ते 75 किलो स्फुरदाची शिफारस आहे, म्हणजे एकरी सुपरच्या तीन ते पावणेचार बॅगा. त्यातला फार तर पाचवा हिस्सा पहिल्या हंगामात पिकाच्या पोटात जातो. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे आहेत आणि तिचा सामू आठच्या घरात असतो. विरघळलेलं स्फुरद तिथल्या कॅल्शियमला धरतं आणि हळूहळू पुन्हा न विरघळणाऱ्या रूपाकडे सरकतं. कारखान्यात आम्ल ओतून जो दगड फोडला, तो वावरात पुन्हा दगडाच्या वाटेला लागतो. रॉक फॉस्फेटची नुसती भुकटी कोकणातल्या आंबट जांभ्या मातीत लागू पडते, आपल्याकडे नाही, याचंही कारण हेच. बियाण्याला रायझोबियमबरोबर जे पीएसबी लावतात, ते जिवाणू आम्ल सोडून हे अडकलेलं स्फुरद थोडं थोडं मोकळं करतात. समुद्राच्या चिखलात एका जातीच्या जिवाणूंनी बांधलेलं आपल्या मातीत दुसऱ्या जातीचे जिवाणू सोडवतात. किलोला 25 ग्रॅमचं हे काम आहे, पेरणीच्या सकाळी सावलीत बसून करण्याचं. खत फेकू नका, तिफणीनं बियाण्याच्या खाली पडेल असं पेरा.

आणि मृगाआधी एकदा माती तपासून घ्या. मृदा आरोग्य पत्रिकेत स्फुरद भरपूर आहे असं आलं, तर या वर्षी एक बॅग दुकानातच राहू द्या.